खाडीतला ग्रीक

"बघा बाई, ब्राँझ," कर्णिक सर म्हणाले आणि दंतवैद्याकडून मागून आणलेल्या बारीक सळईने त्यांनी देवाच्या ढोपरावरचा शेंदराचा आणखी एक पापुद्रा उडवला. खालून हिरवट धातू डोकावला. कळव्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यातल्या त्या एवढ्याशा देवळात सरांना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

सर राहायचे नौपाड्यात आणि वावरायचे प्राचीन ग्रीसमध्ये. उभ्या जन्मात एकही ग्रीक ब्राँझ त्यांनी हातात घेतलेलं नव्हतं. जे काही बघितलं ते पुस्तकांतल्या फोटोंत. पण ग्रीक लोक मेणावर साचा कसा चढवत, वेगळा ओतलेला हात धडाला कसा जोडत, डोळे कशाचे बसवत, हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगायचे. शेजारचा जिलबी टाकून उठेपर्यंत सांगायचे.

आता अथेन्सला परिषद होती. भारतातून एकच अभ्यासक जाणार होता आणि तो कोण, हे ठरवायला मुंबईहून डॉक्टर चित्रा सबनीस आल्या होत्या. बाई स्वतः दोन वर्षं अथेन्सला राहून आलेल्या. सर अजून पासपोर्टच्या फोटोपुरतेच परदेशी. ही संधी गेली की ग्रीस फोटोतच राहणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून सगळी भिस्त त्यांनी या थालदेवावर टाकलेली.

थालदेव म्हणजे फार वर्षांपूर्वी कोळ्यांच्या जाळ्यात आलेला हातभर उंचीचा पुतळा. कमरेत वाकलेला, अंगावर चिंधी नाही, उजव्या हातातली थाळी मागे नेलेली. देव उघडा बरा दिसत नाही म्हणून कोळ्यांनी त्याला आपल्यासारखा चौकड्यांचा रुमाल गुंडाळलेला. पुजारी दामाजी सांगायचा, देव ताट मागं सारतो, म्हनतो, पयले तुमी जेवा.

सरांचं म्हणणं वेगळं. हा ग्रीकांचा थाळीफेक्या. मूळ ब्राँझ कधीच नाहीसं झालं, जगाकडे उरल्या त्या रोमन लोकांनी केलेल्या संगमरवरी नकला. आणि कल्याण बंदराचं नाव तर ग्रीक खलाशांनी लिहूनच ठेवलंय. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी गलबतातून मूळ पुतळ्याची ही लहान प्रत खाडीत पडली असणार. पुरावा पुतळ्याच्या पायथ्याशी होता. तिथे घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं असणारच, असं सर छातीठोकपणे सांगत आणि तिथेच शेंदूर सगळ्यात जाड होता.

"सर, पायाला नका हात लावू," दामाजी म्हणाला. "आधी हात तरी जोडा."

"मी अभ्यासक आहे, दामाजी. भक्त नाही. अडाणीपणाचे थर आहेत हे, कधीतरी निघायलाच हवेत."

बाईंना हे फारसं रुचलं नाही. पण सकाळी दामाजीने कौल लावला होता आणि देवाने उजवा दिला होता. देवच हो म्हणाल्यावर पुजाऱ्याने अडवायचं कसं? तो वाटीत शेंदूर कालवत बसला.

कॅमेऱ्यातला रोल संपला म्हणून बाई नवा भरायला दारात उजेडाला गेल्या. सर ओणवे झाले. सळई चालू लागली. शेंदराचा खपला निघाला आणि पहिलं अक्षर दिसलं. गोल होतं. सरांच्या अंगावर सरसरून काटा आला. ग्रीकांचा ओ, ओमिक्रॉन, दुसरं काय. त्यांनी आणखी खरवडलं. गोलाच्या शेजारी काना निघाला.

ग्रीक लिपीत काना नसतो, एवढा अभ्यास सरांचा होता. तरी हात थांबेना. माणूस बुडतानाही पाय मारतोच. भराभर सगळी ओळ उघडी पडली: ठाणे तालुका शालेय क्रीडास्पर्धा. थाळीफेक. द्वितीय.

प्रथम तरी असायचा मेला.

"काही दिसतंय का, कर्णिक?" दारातून बाईंनी विचारलं.

सरांनी पायथ्यावर पंजा ठेवला. दुसऱ्या हाताने दामाजीच्या वाटीतला तेलात कालवलेला शेंदूर बचकभर उचलला आणि थापला. वर आणखी थापला. मग त्यांनी डोळे मिटून हात जोडले. कोपरापर्यंत शेंदूर ओघळत होता.

बाई आत येऊन बघतच राहिल्या. "अहो, हे काय? पायथा राहिला ना."

"नको, बाई." सरांनी जोडलेले हात सोडले नाहीत. "या लोकांचं दैवत आहे हे. त्याला खरवडणारे आपण कोण?"

"मग अहवालात मी लिहू काय?"

"लिहा, मूर्तीची शैली निःसंशय ग्रीक आहे. स्थानिकांच्या भावनांचा मान राखून पुढची तपासणी थांबवली."

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं या क्षेत्रात आहे, पण एवढा संवेदनशील अभ्यासक पाहिला नव्हता. अथेन्सला तुमच्याखेरीज कोण जाणार, कर्णिक?" आणि कॅमेरा पिशवीत टाकून त्या रिक्षा बघायला बाहेर पडल्या.

सरांनी खिशात चाचपलं, मग दामाजीकडे न बघताच विचारलं, "नारळ आहे का रे एखादा?"

दामाजीने कोपऱ्यातला नारळ उचलून त्यांच्या हातात दिला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"आमचा देव जागृत हाय, सर," तो म्हणाला. "तुमच्या आधी तिघं सर आयलेले खरवडाया. पायाशी पोचले न तिघांनीबी नारल फोडला."