सोल्युशनचा वास

"हात पुढे कर बघू," समुपदेशक ताई म्हणाल्या.

नववीतल्या त्या मुलीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. ताईंनी वाकून वास घेतला आणि शेजारी बसलेल्या मुख्याध्यापक बाईंकडे पाहिलं. बोटांना सोल्युशनचा वास! पोरं नशेसाठी रुमालावर ओतून हुंगतात, तेच.

ताईंच्या फॉर्मवर आधीच भराभर खुणा पडल्या होत्या. वडील सोडून गेलेले: खूण. घर एका खोलीचं: खूण. वस्ती कारखान्यामागची: खूण. आई दिवसभर कामावर: खूण. पोरीने अजून तोंडही उघडलं नव्हतं आणि निकाल लागून मोकळा झाला होता.

"घाबरू नकोस, बाळ. सोमवारपासून वर्गाऐवजी व्यसनमुक्ती केंद्रात जायचं. तुझ्या भल्यासाठीच आहे."

केंद्राची गाडी थेट फाटकात येते आणि सगळी शाळा खिडक्यांना लोंबकळून बघते. गेल्या वर्षी त्या गाडीत बसलेली मुलीची मैत्रीण पुन्हा शाळेत फिरकली नव्हती. पण रडायचं नाही, हे तिने बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्याच ठरवलं होतं.

"मी हुंगत नाही, चिकटवते. कोपऱ्यावर आईची टपरी आहे, चपला दुरुस्तीची. आई शिवते, मी तळ चिकटवते. रोज शाळेआधी."

"सगळे असंच काहीतरी सांगतात गं." ताई समजुतीने हसल्या. "खोलीभर वास सुटलाय बघ."

"सुटलाय ना? मी दोनदा साबण लावून हात धुतलेत. एवढ्याशा बोटांचा वास खोलीभर जाईल होय? टेबलाखाली बघा."

टेबलाखाली मुख्याध्यापक बाईंचे पाय होते. सकाळी घंटेआधी बाई त्याच टपरीवर एका पायावर उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. चप्पल कोणाच्या हातात गेली, हे बघायला त्यांना सवड नव्हती.

"डावी आहे, बाई. जरा जास्तच लावलं. म्हटलं, जिन्यात अडखळून पडाल."

मुलीने गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म ओढला आणि ताईंपुढे सरकवला.

"बाईंचाही भरा. वासापासूनच सुरू करा."

ताईंचं पेन हवेतच राहिलं. बाईंनी डावा पाय हळूच उजव्या पायामागे घेतला.