बोटाखालची ओळ

एस्तरबाईच्या छातीतली गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा वडवणीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला लगोलग बीडला जायला सांगितलं. तिचा नवरा शांतवन मात्र म्हणाला, आधी देवाची इच्छा विचारू. त्याच्या घरची रीतच तशी होती. डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं आणि पानावर बोट टेकवायचं. बोटाखाली येईल तो देवाचा शब्द.

पहिल्या खेपेला बोट पडलं ते उठून नगरात जाण्याच्या आज्ञेवर.

"हे दुसऱ्याच कुनाला सांगितलंय," म्हणत त्यानं शास्त्र मिटलं. दुसऱ्यांदा नुसती वंशावळ निघाली. तिसऱ्यांदा शांत राहून वाट पाहण्याची ओळ आली, तसा त्याचा चेहरा उजळला.

"बघ, देव थांब म्हनतोय. भरवसा ठेव त्याच्यावर. तसंबी आपल्याकडची प्रार्थनासभा आठ दिवसांवर आली, एवढ्या मानसांचा सैपाक कोन करनार?"

एस्तरबाईला त्या बोटाची शिसारी आली. थोरल्या लेकीची शाळा त्याच बोटानं सोडवली होती, आणि तेव्हाही तिनं मान खाली घालून आमेन म्हटलं होतं. ती उठली, पिशवीत लुगडं कोंबलं आणि चपला पायात सरकवल्या.

"अगं, देवाच्या इच्छेइरुद्ध चाललीस?"

"न्हाई वो," ती उंबऱ्यातून म्हणाली. "देव पहिल्याच खेपेला बोलला व्हता. पुढं बोलले ते तुमी."