देवमाशाची हद्द

भर समुद्रात इंजिन आपोआप बंद पडलं. होडीचा प्रमुख गंगाराम तांडेल याने नकाशाच्या पडद्याकडे पाहिलं, तर त्यावर होडीभोवती हिरवं वर्तुळ उमटलं होतं. यंदापासून अभयारण्यं समुद्रातही आली होती. देवमासा जाईल तिकडे त्याची हद्द जायची आणि हद्दीत कुठलंच इंजिन चालायचं नाही.

"तांडेल, रक्त थांबत नाय!" खलाशी नारू ओरडला. जाळं ओढताना गंगारामच्या धाकट्या भावाचा, भिवाचा, हात यंत्रात चिरडला होता.

गंगाराम पुन्हा पुन्हा बटण दाबत होता. देवमाशाची मादी मात्र होडीभोवतीच घिरट्या घालत राहिली. तिला हाकलायला नारूने बांबू उचलला. तेवढ्यात गंगारामला जाळ्यात धडपडणारं पिल्लू दिसलं.

"बांबू ठेव. कोयता दे."

"जाळं गेलं तर अख्खा हंगाम जाईल, तांडेल!"

गंगारामने सपासप दोर कापले. जाळं बुडालं, पिल्लू सुटून आईला बिलगलं. दोघं दूर जाताच वर्तुळ सरकलं आणि इंजिन धडधडलं.

त्या आवाजाने भिवाने डोळे उघडले. "जाळं ओढलंस ना, दादा?"

"ओढलं," गंगाराम म्हणाला आणि त्याने होडी बंदराकडे पिटाळली.