टेबलाखालचं पाणी

दस्तगीरच्या कामाच्या टेबलाखाली तीनशे वीस फुटांचा बोअर पाडण्यात आला. पण ते जाऊ द्या. कागदोपत्री तसं काही झालंच नाही.

झालं एवढंच, की दुष्काळाला तिसरं वर्ष लागलं आणि चौसाळ्यापलीकडच्या एका दूध संस्थेत दुधापेक्षा ठराव जास्त जमा व्हायला लागले. जनावरांसाठी एक बोअर पाडायचं ठरलं. जागा दाखवायला सटवा पाणाड्या आला. तळहातावरचा नारळ त्यानं कधीच सोडला होता. आता त्याच्याकडे जमिनीत रोवायची सळई होती, सळईला माइक, माइकला काडेपेटीएवढा ॲम्प्लिफायर आणि कानाला हेडफोन. सळई रोवील तिथं त्याला पाणी ऐकू येई. सगळीकडेच येतंय म्हटल्यावर चेअरमन आप्पा बावचळले आणि ती डबी तपासायला दस्तगीरकडे घेऊन आले.

दस्तगीर रेडिओ दुरुस्त करता करता म्हातारा झालेला माणूस. टेबल त्याच्या वडलांचं, सागवानी, आणि एवढं थोरलं की गाळ्याचं दार त्याच्यानंतर बसवलं होतं. त्या टेबलावर त्यानं आजवर कुणाला चहाचा कप टेकवू दिला नव्हता.

आधी त्यानं डबीवर भार टाकून पाहिला. मोकळी असताना एक व्होल्ट देत होती. हेडफोनच्या जागी बत्तीस ओहमचा रेझिस्टर जोडला तर अर्धाच राहिला. म्हणजे डबीच्या आतच बत्तीस ओहम अडून बसलेले. मोकळं असलं की लई जोरात बोलतंय, काम सांगितलं की अर्ध्यावर येतंय, असं तो म्हणाला. हे संचालक मंडळाबद्दल आहे का, असं आप्पांनी विचारलं. डबीबद्दल आहे, असं त्यानं सांगितलं.

मग हेडफोनातली खरखर तपासली. त्यानं माइक उपटला, डबीचं आत जाणारं तोंड तारेनं बांधून टाकलं आणि मीटर लावला. आत काही जायची सोयच उरली नव्हती, तरी काटा चढून बसला. आप्पांची खात्री पटावी म्हणून त्यानं हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. इथं ना सळई, ना माती. आवाज सगळा डबीचाच. याहून सोपं करून सांगणं शक्य नव्हतं.

आप्पांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"वाहतंय," ते म्हणाले. "दस्तगीर, हा गाळा कुणाचा हाय?"

"तुमच्याच संस्थेचा की, आप्पा. कावून?"

ठराव त्याच दुपारी झाला. सळईशिवाय ऐकू आलं म्हणजे पाणी किती वर असेल, असं सटव्यानं सभेत विचारलं. दस्तगीर उठून 'हरकत हाय' म्हणाला. इतिवृत्तात 'हरकत नाही' असं आलं. टेबल दारातून निघेना, म्हणून दोन तुकड्यांत निघालं. पत्रे उतरवून मशीन आत घेतलं. तीनशे वीस फूट नुसता फुफाटा निघाला. सटव्यानं भोकाला कान लावला आणि अजून जरा खाली आहे म्हणाला.

गाळा होता तसा करून दिल्याचं संस्थेचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. दस्तगीरनं ते दोनदा वाचलं. अर्धं टेबल भोकावर आडवं टाकलं आणि त्यावरच उत्तर लिहायला घेतलं:

"सबब अर्ज की, माझ्या गाळ्यात आढळून आलेले तीनशे वीस फुटांचे भोक हे संस्थेच्या मालकीचे असून नजरचुकीने येथे राहून गेले आहे. तरी सदर भोक आठ दिवसांचे आत, आहे त्या लांबीत, उचलून नेऊन पोच द्यावी, ही नम्र विनंती."