पिवळं शीड

गढीच्या टोकामागून नवऱ्याची नाव आली आणि मिराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिडाला दुसऱ्याच बाईचं लुगडं होतं.

धरणावरच्या भोयांची रीतच तशी. ज्याची नाव, त्याच्या बायकोचं जुनं लुगडं शिडाला. तेच माणसाला घरी आणतं म्हणे. सकाळी मुंजाजी गेला तेव्हा मिराबाईचं जांभळं होतं. विटलेलं, ठिगळाचं, पण तिचं!

"हे पिवळं कोणाचं?"

"हाय एकाचं," म्हणत मुंजाजी जाळं झटकू लागला.

एकाचं म्हणे! साऱ्या गावाला ते ठाऊक होतं. पल्याडच्या घाटावर चहा विकणाऱ्या सोजराबाईचं. रांडमुंड बाई, पण पिवळं नेसते आणि गड्यांशी खिदळते.

दुसऱ्या दिवशी मिराबाईनं पेटीतलं नवंकोरं हिरवं लुगडं काढलं. पोळ्याला मुंजाजीनं शिडासाठी हेच मागितलं होतं. "जांभळं कुजलं गं," म्हणाला होता. "नावेला नवं? डोस्कं फिरलं काय?" म्हणून तिनं त्याला उडवून लावलं होतं. आज तेच नेसून ती नावेत जाऊन बसली. बघू दे त्या भवानीला.

गढीच्या टोकाला वारं अंगावरच आलं. नाव कलली. मिराबाईनं दोन्ही हातांनी काठ धरला. पिवळं लुगडं तट्ट फुगलं, पण फाटलं नाही. तिला त्याचाही राग आला.

टोक ओलांडलं तसं वारं पडलं. घाटावर नावा लागलेल्या, टेप वाजत होता, चहा आणि चेष्टा चाललेली. "वहिनी आल्या!" कोणीतरी ओरडलं. मिराबाई तडक टपरीवर गेली.

"माह्या नवऱ्याच्या नावेला तुहं लुगडं काहून गं?"

सोजराबाईनं हातातली बशी खाली ठेवली.

"काल वाऱ्यानं तुहं जांभळं टरकन फाटलं. घाटाला लागता लागता नाव उलटली. याचा पाय जाळ्यात गुतला. दोर सापडंना, म्हणून म्या अंगावरचं सोडून फेकलं. साऱ्या घाटासमोर, बाई! पोतं गुंडाळून बसले मंग. घरी जायला शीड पायजे म्हणून तेच बांधून देलं. त्यानं सांगितलं न्हाई व्हय? तुहं लुगडं कुजकं निघालं, हे बिचारा कोण्या तोंडानं सांगंल?"

मुंजाजी खाली बघत होता. मिराबाईला अजून जळतच होतं. फेकलेलं ते लुगडं आपलं असायला पाहिजे होतं.

"सोड ते पिवळं," ती नवऱ्याला म्हणाली आणि ते घेऊन टपरीच्या आडोशाला गेली.

परतीला शिडावर नवंकोरं हिरवं होतं, आणि मिराबाईच्या अंगावर सोजराबाईचं पिवळं.