बाराव्या मजल्यावरचं बाळ

अकराव्या मजल्यावरच्या निवृत्त जोडप्याचा पिवळा दिवा लावून ती बाराव्यावर आली. इथे तान्हं बाळ होतं. तिने गॅलरीतला दिवा निळा केला, मंद केला. थोडं थांबून वाढवला, जणू बाळ रडत उठलं होतं. मग पुन्हा मंद केला.

आणि रिकाम्या घराचं दार ओढून घेतलं.

नव्या इमारतीत अजून कोणीच राहायला आलं नव्हतं. प्रत्येक गॅलरीला रंगीत दिव्यांची पट्टी होती. ज्याने त्याने आपल्या आवडीचा रंग लावावा, असं जाहिरातीत छापलेलं होतं. पण अंधारी इमारत पाहून गिऱ्हाईक आल्या पावली परत जातं. एका बटणावर सगळे दिवे लावता आले असते, पण ते एकाच क्षणी उजळले असते आणि बघणाऱ्याला शंका आली असती. म्हणून रोज तिन्हीसांजेला ती चाळीस घरं हाताने उजळायची. जुडग्यातल्या प्रत्येक किल्लीवर तिने त्या घराच्या रंगाचा ठिपका दिला होता.

"काय दिवेताई, झोपलं का बाळ?" खाली पहारेकऱ्याने विचारलं.

"दात येताहेत. किरकिर चाललीय."

"आणि नवव्या मजल्यावरचं भांडण?"

"अबोला धरलाय. दोन गॅलऱ्या, दोन रंग."

तो खो खो हसला. ती मात्र रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे बघत होती. ती इमारतही नवीच होती, अशीच रंगीत. सातव्या मजल्यावर जांभळा लागला होता. तिने वही काढून वेळ टिपली.

गेल्या वर्षी एका दुपारी आई मोरीत पडली. ती कामावरून परतेपर्यंत सात तास तशीच फरशीवर होती. हाका मारून मारून घसा बसला होता. त्यांच्या गल्लीतली घरं केव्हाच ओस पडली होती. तेव्हापासून आईचं एकच म्हणणं होतं, "घर केवढंही घे. पण हाक ऐकू जाईल असं घे."

दोन महिने तिने सातवा मजला टिपला. जांभळा कधी साडेसहाला, कधी पावणेआठला. त्याच्या खालचा पिवळा रविवारी लागायचाच नाही. मध्ये आठवडाभर तर जांभळाही दिसला नाही. कुठे गावाला गेले असतील.

"तुझ्यासारखंच कोणी लावत नसेल ना गं?" आईने एकदा विचारलं.

"आई, पगारासाठी एवढी हौस कोण करतं? हे बघ, या जांभळ्याला काही धरबंधच नाही. असं माणसंच वागतात."

आईने वही डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि मान डोलावली.

घर बघायला दोघी दुपारी गेल्या. मजला शांत होता. "सगळे कामावर गेलेत," दाखवणारी बाई म्हणाली. ते पटण्याजोगं होतं. त्यांनी जुनं घर विकलं आणि जांभळ्या दिव्याच्या शेजारचं घेतलं.

सामान आलं त्या दिवशी तिने रजा घेतली. समोरचे दिवे पहारेकऱ्यावर सोपवले होते. संध्याकाळी आई नव्या गॅलरीत खुर्ची टाकून बसली.

"तेच का गं तुझं बाळ?"

बाराव्या मजल्यावर निळा मंद झाला, वाढला, पुन्हा मंद झाला. पहारेकरी विसरला नव्हता.

"तेच. लबाड आहे, लवकर झोपत नाही."

तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून जांभळा उजेड आला. आई काठी टेकत उठली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा फुललेला होता.

"आले बघ घरी. चल, ओळख करून घेऊ."

आईने शेजारची घंटा वाजवली. बराच वेळ काही हालचाल नाही. मग दार उघडलं. पन्नाशीचा एक माणूस होता. पायात बूट तसेच.

"आम्ही शेजारी आलो हो तुमच्या," आई म्हणाली. "मी म्हातारी दिवसभर एकटीच असते. हाक मारली तर ओ द्याल ना?"

त्याच्यामागे खोलीत एक खुर्चीसुद्धा नव्हती. त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. प्रत्येक किल्लीवर रंगीत ठिपका.

तिने आईचा दंड घट्ट धरला.

"आजी, मी तासाभरात निघेन," तो खालच्या आवाजात म्हणाला. "या इमारतीत राहायला आलेल्या तुम्हीच पहिल्या." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, आधी भेटला असतात तर मी समोरची इमारत सांगितली असती. आम्ही परवाच तिथे घर घेतलं, बाराव्या मजल्यावर. बायको माझी अंथरुणाला खिळलेली, तिला सोबत हवी. भिंतीपलीकडे तान्हं बाळ आहे, म्हणजे घरात कोणी ना कोणी असणारच."