बुरुजावरचे दोन मुंबईकर

रावजींनी बुरुजाच्या चिऱ्यांआडून मान काढली. खाली किल्ल्यातल्या बागेत, एका बाकावर, त्यांची मुलगी सानवी आणि सावर्ड्याचा विनोद बसले होते. मध्ये सानवीची पर्स. दोघांनी एकमेकांना बघून घ्यावं, अशी परवानगी दोन्ही घरांनी दिली होती. त्यांना कुणी लपून बघावं, असं काही ठरलं नव्हतं. पण संध्याकाळी होकार कळवायचा होता आणि रावजींचा फोटोवर विश्वास नव्हता.

मुलगा अजून एकदाही थुंकला नव्हता. फोनही खिशातच. रावजींना हे जरा जास्तच वाटलं.

तेवढ्यात शेजारी आणखी एक मान दिसली. भर उन्हात माकडटोपी, वर काळा चष्मा. मागे एवढा समुद्र पसरलेला, आणि हा गृहस्थ त्याच्याकडे पाठ करून बाग न्याहाळत होता. हे किल्ला बघायला आलेल्या माणसाचं लक्षण नव्हे, हे रावजींनी ताडलं. ते स्वतःही तसेच बसले होते.

“काय वो, किल्ला बघायला?”

“व्हय. तुमी?”

“मीपण. इतिहासाची आवड.”

“कुठचे?”

“मुंबईचा,” हातखंब्याचे रावजी म्हणाले.

“मीपण.”

दोघे मुंबईकर पुन्हा बागेकडे बघू लागले. खाली सानवी हसली. दोन्ही माना एकदम पुढे झुकल्या.

“त्या पोरीकडं काय बघताय?” रावजींचा आवाज चढला. “माझी मुलगी हाय ती!”

“तिच्याकडं कोण बघतंय?” त्याने चष्मा काढला. “मी पोराला बघतोय. मी भागोजी. त्याचा सख्खा काका.”

रावजी ओशाळले. मग त्यांना नवी शंका आली.

“घरचं पोर, आणि लपून बघायला लागतं?”

“लोट्याच्या एमआयडीसीत कंपनीत हाय म्हणतो. कंपनीची बस आमच्या दारावरनं जाते. हा त्यात चढताना कुणाला दिसला नाय. घरात पैसे मात्र देतो, वेळेवर. विचारलं, तर हसतो.” भागोजींनी टोपी काढून घाम पुसला.

“आणि असल्या पोराचं लग्न ठरवताय?”

“मग काय करणार? आमी घरचे. आमाला कोण खरं सांगतंय? मुलीकडचे कसे, गावभर फिरून कसून चौकशी करतात.”

भागोजी रावजींच्या जवळ सरकले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

“मग? काय कळलं तुमाला?”